केमोआधीची एक रक्ततपासणी

बाबांना लिम्फोमा (लसिकाग्रंथींचा कॅन्सर) निघाला. बायोप्सी, पेट स्कॅन, कॅशलेसची मंजुरी, सगळं भराभर झालं. घोडं अडलं ते ठाण्यातल्या एका लॅबच्या काउंटरवर.

केमोत रिटुक्सिमॅब नावाचं इंजेक्शन असणार होतं, म्हणून डॉक्टरांनी चिठ्ठीवर हिपॅटायटिस बीच्या दोन तपासण्या लिहून दिल्या होत्या: एचबीएसएजी (विषाणूचं वरचं प्रथिन) आणि 'अँटी-एचबीसी टोटल' (विषाणूच्या गाभ्याविरुद्धच्या अँटीबॉडी). कधीकाळी नकळत होऊन गेलेल्या 'बी' काविळीचा विषाणू यकृतात दडून राहतो. या इंजेक्शनने बी-पेशी (एक प्रकारच्या पांढऱ्या पेशी) मरतात, प्रतिकारशक्ती ढिली पडते आणि तो पुन्हा उसळू शकतो. यकृत निकामी होईपर्यंत मजल जाऊ शकते. बाबा म्हणाले, "मला कावीळ झालीच नाही कधी."

रिपोर्ट आला: अँटी-एचबीसी आयजीएम, निगेटिव्ह. मी म्हटलं, टोटल सांगितलंय. काउंटरवरची मुलगी म्हणाली, "निगेटिव्हच आलंय की काका, चांगलंय ना!" अहो, आयजीएम ताज्या संसर्गासाठी बघतात, जुन्याचा माग टोटलमध्ये लागतो. पुन्हा रक्त दिलं, पुन्हा आयजीएमच! कॉम्प्युटरच्या यादीत 'हिपॅटायटिस बी कोअर' एवढंच दिसायचं आणि त्यावर क्लिक केलं की आयजीएमच लागायचं. मॅनेजर म्हणे, "सिस्टिममध्ये हेच येतं." केमोची तारीख तोंडावर आलेली. शेवटी आतून एक वयस्कर टेक्निशियन ग्लोव्हज काढत बाहेर आले, चिठ्ठी वाचली, "हे आपल्याकडे होत नाही, मुंबईला पाठवावं लागतं," म्हणाले आणि फॉर्मवर लाल पेनाने 'टोटल' लिहून दोनदा अधोरेखित केलं.

टोटल पॉझिटिव्ह आलं. एचबीएसएजी निगेटिव्ह होतं, विषाणूचा डीएनएही सापडला नाही, तरी विषाणूला दाबून ठेवणारं एन्टेकाव्हिर सुरू झालं. ही गोळी रिकाम्या पोटी घ्यायची, जेवणानंतर 2 तासांनी आणि पुढच्या खाण्याआधी 2 तास. बाबांच्या चहाचं वेळापत्रकच कोलमडलं. रिटुक्सिमॅबचा शेवटचा डोस झाल्यावरही किमान 12 महिने ती चालू ठेवायची आहे. "एसजीपीटी (यकृताची तपासणी) नॉर्मल आहे, आता कशाला?" असं नातेवाईक म्हणतातच, पण गोळी बंद करायची ती डॉक्टरांनी सांगितल्यावरच.

आणि हो, रक्त चढवायचं असेल तर ही तपासणी त्याआधी उरका. दात्याच्या अँटीबॉडी मिसळल्या तर टोटल उगाच पॉझिटिव्ह दिसू शकतं.

दोन्ही आयजीएमचे पैसे मी परत मागितले. मॅनेजरचं उत्तर: "टेस्ट तर केली ना आम्ही!"