एस्थर, मिसेस स्मिथ आणि अ‍ॅग्नेस

बाबांना डिस्चार्ज मिळाला तेव्हा माझ्या हातात एक जाडजूड फाईल होती, आणि खरं सांगते, हॉस्पिटल, फॅमिली डॉक्टर, फिजिओ आणि घरी येणारी केअरटेकर यांना जोडणारी तेवढी एकच गोष्ट होती. कुठली गोळी बंद झाली, रात्री किती वेळा उठतात, सगळं प्रत्येकाला मीच पहिल्यापासून सांगायचे. तेव्हापासून दवाखाना आणि घरची देखभाल एकत्र आणणाऱ्या देशांबद्दल मिळेल ते वाचत सुटलेय आणि गंमत म्हणजे जिथे जिथे हे जमलंय तिथे सुरुवात एका म्हाताऱ्या बाईपासून झालीये.

स्वीडनमधल्या यॉनशॉपिंगला ती एस्थर. १९९० च्या दशकाचा शेवट, एकटी राहणारी, दम लागलेली आजी, आणि भेटेल त्या नव्या माणसाला तीच हकीकत परत सांगतेय. तिथल्या लोकांनी तिचा सगळा प्रवास पायरी-पायरीने मांडून बघितला आणि मग प्रत्येक कामात एकच विचारायला लागले, एस्थरसाठी काय चांगलं?

इंग्लंडमधे टॉरबेला मिसेस स्मिथ, ऐंशीच्या पुढची, काल्पनिक पेशंट, तिला डोळ्यांसमोर ठेवून सगळं आखलेलं. २००५ मधे तिथे आरोग्य आणि सोशल केअर (म्हणजे घरची देखभाल) एका ट्रस्टखाली आलं, पण मला त्यांचे कोऑर्डिनेटर जास्त महत्त्वाचे वाटतात. हे डॉक्टर नाहीत, नर्स नाहीत, फोन मात्र यांनाच करायचा, पुढची नर्स, फिजिओ, घरकामाची मदत, सगळी जुळवाजुळव ते करणार. म्हणजे मी जे करत होते ते करायला पगारी माणूस!

न्यूझीलंडच्या कँटरबरीत अ‍ॅग्नेस, तीही अशीच एक काल्पनिक आजी. २०११ च्या भूकंपात बेड्स गेले आणि म्हाताऱ्यांना लवकर घरी पाठवून घरीच रिहॅब देणाऱ्या टीम्स त्याच वर्षी उभ्या राहिल्या, कारण एकत्र काम करायची सवय आधीच लागलेली होती.

नुसती ऑफिसं एक करून भागत नाही हे नॉर्दर्न आयर्लंडकडे बघून कळतं. तिथे १९७३ पासून आरोग्य आणि सोशल केअर ही दोन्ही खाती एकत्र आहेत, तरी वेटिंग लिस्ट भयंकर लांब.

यॉनशॉपिंगला एस्थर कॅफे भरतात. पेशंट बसून आपल्यावर काय गुजरलं ते सांगतो आणि हॉस्पिटलची माणसं, घरी जाऊन काळजी घेणारी माणसं एकाच खोलीत बसून ते ऐकतात. बाबांना असं एकदाच, सगळ्यांसमोर बोलायला मिळायला हवं होतं.