कलम ४७पाशी थांबले
इंदूर, रामबाग. दुपारभर नोंदणी कायदा, १९०८ घेऊन बसले होते. दस्त केल्यापासून चार महिन्यांत नोंदणीला द्यायचा, हे कलम २३ पाठच आहे. अडले ते ४७पाशी. नोंदणी नंतर झाली तरी दस्त लागू होतो तो मुळात जेव्हा व्हायचा तेव्हापासून, नोंदणीच्या तारखेपासून नाही! आईला सांगितलं. तिने विचारलं, “म्हणजे मधल्या दिवसांत माणसाचा हक्क बुडत नाही ना?” केवढा नेमका प्रश्न!

संध्याकाळी मध्य प्रदेशाचा १९८७चा लोकधन वसुली कायदा उघडला. सरकारी योजनेतलं थकलेलं कर्ज जमीन महसुलाच्या थकबाकीसारखं वसूल होऊ शकतं. नोटीस हातात आलेल्या शेतकऱ्याला हे साध्या हिंदीत कुणीतरी समजावायला हवं. मला ते काम करायचंय.