पाखाडीवरून आलेलं घर

कारखान्यात बनवून आणलेलं तयार घर म्हटलं की बहुतेकांच्या डोळ्यांसमोर रस्त्याच्या कडेची पोर्टाकॅबिन उभी राहते. मी या धंद्यात साइट इंजिनिअर आहे, त्यामुळे या समजुतीशी माझी रोज गाठ पडते. दापोली तालुक्यातल्या एका साइटवरच्या दिवसाने मला फार उमेद दिली, म्हणून हे लिहिते आहे.

आंजर्ल्याजवळच्या गावात, नारळी-पोफळीच्या वाडीत काकूंचं घर होतं. ३ जून २०२० च्या निसर्ग वादळात त्याचं छप्पर गेलं, आणि मागोमाग आलेल्या पावसाने मातीच्या भिंती खचवल्या. मुलगा मुंबईला. जांभ्याचं नवं घर बांधायचं तर गवंडी मिळेपर्यंत अर्धा हंगाम जातो. मिरगाच्या आत डोक्यावर छप्पर हवं, एवढीच काकूंची अट होती.

ट्रक डांबरी रस्त्यावरच थांबला. पुढे घरापर्यंत पाखाडी, दोन्ही बाजूंना गडगे, मध्ये जेमतेम बैलगाडीएवढी वाट. हायड्रा क्रेन आत जाण्याचा प्रश्नच नव्हता. कारखान्यात अख्खी खोली तयार करून आणायची पद्धतही आपल्याकडे आहे. १ जानेवारी २०२१ ला सहा शहरांत केंद्र सरकारच्या ‘लाइट हाऊस’ या नव्या तंत्राच्या घरबांधणी प्रकल्पांची पायाभरणी झाली, त्यातल्या रांचीच्या प्रकल्पात काँक्रीटच्या खोल्याच बनवून एकमेकींवर चढवल्या. मोठ्या शहरात ते शोभतं. पण आपल्या रस्त्यांवर गाडीच्या रुंदीची मर्यादाच २.६ मीटर, त्यात घाटातली वळणं आणि शेवटी अशी पाखाडी. कोकणात घर सुटं करूनच आणावं लागतं, हे माझं ठाम मत आहे.

आमचा सांगाडा हलक्या पोलादाचा. पत्र्याच्या गुंडाळीतून यंत्र एकेक चॅनेल वळवतं, भोकं पाडतं, त्यावर नंबर छापतं. पत्र्याची जाडी साधारण एक मिलिमीटर. भिंतीची एक चौकट दोन माणसं आरामात उचलतात. वाडीतले गडी चौकटी खांद्यावर घेऊन पाखाडी चढू लागले आणि काकू ओट्यावरून एकेक नंबर मोठ्याने वाचू लागल्या.

मला खरी धास्ती जोत्याची होती. कारखान्यातली भिंत साइटवर कापून बसवता येत नाही. जोतं काटकोनातून जरा हललं की शेवटचा कोपरा जुळत नाही. जोतं गावातल्याच गवंडीदादांनी चिऱ्याचं बांधलं होतं. जांभा मऊ आणि सच्छिद्र, त्यात बोल्ट धरत नाही, म्हणून वर काँक्रीटचा पट्टा ओतून त्यात बोल्ट बसवायचे होते. त्यासाठी बोल्टच्या नेमक्या जागा दाखवणारं लोखंडी टेम्प्लेट आम्ही आधीच पाठवलं होतं. मी टेप लावून दोन्ही कर्ण मोजले. फरक तीन मिलिमीटर! पुण्याजवळच्या साइटवरही इतकं नेमकं जोतं मला क्वचितच मिळालं आहे. दादा म्हणाले, “ओळंबा आणि दोरी, दुसरं काय लागतं ताई?”

दुपारी समुद्रावरून वारा सुटला. उघडी चौकट वाऱ्याला दाद देत नाही, पण एकदा सिमेंट बोर्ड ठोकला की तीच भिंत शीड होते. म्हणून मी बोर्ड लावायचं काम थांबवलं, आधी सगळे कोपरे जोडून आडवे-तिरपे टेकू दिले. मुकादम कुरकुरला, पण ऐकलं.

तेवढ्यात काकू जवळ आल्या. “अगं, एवढं हलकं घर. वादळात टिकेल का?” त्यांनी वादळ अंगावर घेतलेलं, त्यांना खोटा दिलासा देणं शक्यच नव्हतं. मी त्यांना खाली बसवून कोपऱ्यातली, चौकटीला जोत्याशी बांधणारी धातूची पट्टी दाखवली. वादळात वारा छप्पर खाली दाबण्यापेक्षा वर खेचतो. जुन्या पत्र्यांना धरून ठेवणारे लोखंडी आकडे खाऱ्या हवेत गंजून पातळ झालेले असतात. तिथूनच पत्रा सुटतो. इथे छप्पर पेलणाऱ्या कैचीपासून चौकटीच्या उभ्या चॅनेलला, तिथून जोत्यातल्या बोल्टला अशी धातूची अखंड साखळी असते. एक कडी राहिली तरी बाकीच्यांचा उपयोग नाही. काकूंनी पट्टी दोन्ही हातांनी खेचून पाहिली, मग दुसऱ्या कोपऱ्यातलीही. तिसऱ्या कोपऱ्यात एक स्क्रू लागायचा राहिला होता, तो त्यांनाच दिसला. मुकादमाने तिथल्या तिथे लावला.

गंजाचं काम मी स्वतः बघते. चॅनेलवर जस्ताचा थर असतो, पण कापलेल्या कडेला पोलाद उघडं पडतं. तिथे जस्ताचा रंग फासल्याशिवाय मी बोर्ड लावू देत नाही. किनाऱ्यावर अशा घराचं आयुष्य या कडांवरच ठरतं, आणि बोर्ड बसला की त्या पुन्हा दिसत नाहीत.

हा धंदा काही कालचा नाही. फाळणीनंतर निर्वासितांसाठी सरकारनेच दिल्लीत घरांचा कारखाना काढला होता. त्याचंच पुढे हिंदुस्थान प्रीफॅब झालं. ब्रिटनने दुसऱ्या महायुद्धानंतर दीड लाखाहून जास्त तयार घरं उभारली, तीही दहाएक वर्षांच्या सोयीसाठी. त्यांतल्या कित्येक घरांत लोक पुढे अनेक दशकं राहिले. यंत्रं आता आपल्याकडेही चांगली आहेत. कमी पडतात ती साइटवरची माणसं. कंपन्या कारखान्यावर खर्च करतात, आणि गावच्या गवंड्याला, वायरमनला, फॅब्रिकेटरला शिकवण्यावर जवळजवळ काहीच नाही. पाच वर्षांनी काकूंच्या भिंतीत नवी वायर ओढायची झाली तर पुण्याहून माणूस बोलवायचा का?

संध्याकाळपर्यंत चारही भिंती आणि कैच्या उभ्या राहिल्या. निघताना गवंडीदादांनी विचारलं, “टेम्प्लेट ठेवून घेऊ का? केळशीला एकजण विचारत होता.” ते परत न्यायचं ठरलं होतं. मी ऑफिसला फोन लावला, थोडी हुज्जत घातली आणि ते त्यांच्याकडेच ठेवलं. सोबत कर्ण मोजायची टेप आणि बोल्टचा नकाशाही दिला. केळशीचं जोतं दिवाळीनंतर त्यांच्याच हातून होणार आहे.