आप्पांची बादली

दुपारचे तीन. लाइट गेलेली, खानापुरात पाऊस लागला की ती जातेच. पडवीत आप्पा शेंगा फोडत बसलेले आणि अंगणात, पागोळ्यांपासून लांब, त्यांची लोखंडी बादली. माझे हे चुलते पाऊस बादलीनं मोजतात. "काल रात्री अर्धी झाली होती बघ."

मोबाइलवरची 'विक्रमी पाऊस, हवामानबदलाचा फटका' ही बातमी मी मोठ्यानं वाचली, इथं चुकलं.

"कसला विक्रम रे? चेरापुंजीला 1861 सालच्या एका जुलैत 9,300 मिलिमीटर पडलाय. तेव्हा होत्या काय मोटारी?"

आकडा खरा आहे, हीच पंचाईत. आप्पांच्या लेखी तरणा आणि म्हातारा, असे दोनच पाऊस. पुनर्वसूचा तो तरणा, पुष्याचा तो म्हातारा. लहानपणी रोप लावणीला मला बांधावर बसवायचे, डोक्यावर इरलं. त्याच्या पानांचा ओलसर वास अजून नाकात आहे. आतून पावसाचा आवाज असा यायचा की कुणीतरी सुपात तांदूळ पाखडतंय. वाकलेल्या बायका दिसायच्या नाहीत, नुसती इरली सरकायची. किती मिलिमीटर होता तो? कुणास ठाऊक. मला तर तो जगातला सगळ्यात मोठा पाऊस वाटतो.

आठवणीचं आणि बादलीचं दुखणं एकच. बादली वर रुंद, खाली निमुळती. पडतो त्यापेक्षा जास्त दाखवते. सरळ भिंतीचा डबा ठेवा म्हणून किती वेळा सांगितलं! आणि एक बादली सांगणार तरी किती? 26 जुलै 2005 ला सांताक्रूझला 944 मिलिमीटर, त्याच मुंबईत कुलाब्याला 74. जिथं मापक, तिथला विक्रम. म्हणून तर एकट्या 1861 नं काही ठरत नाही. मुसळधार दिवस किती वेळा येतात, ते मोजायला हवं. पुण्याच्या उष्णदेशीय हवामान संस्थेतल्या लोकांनी ते मोजलंय: 1950 ते 2015 मध्ये मध्य भारतात दूरवर पसरणाऱ्या अतिवृष्टीच्या घटना तिपटीनं वाढल्या. हवा एका अंशानं तापली की सुमारे सात टक्के जास्त बाष्प धरून ठेवू शकते. आता, दोन सरी पडल्या की 'बघा, हवामानबदल!' म्हणून ओरडणारेही मला सोसत नाहीत. त्यांच्यापेक्षा आप्पा परवडले, निदान बादली तरी ठेवतात.

हे सगळं मी आप्पांना सांगितलं. "असंल की," म्हणाले आणि शेंगांची टरफलं पावसात भिरकावली.

मग विचारलं, "आत्याकडं काय म्हणतायत?"

आत्या चिकोडी तालुक्यात, कृष्णाकाठी. तिच्या सोप्यातल्या भिंतीवर कोळशाच्या तीन रेघा आहेत: 2005, 2019, 2021. सगळ्यात वरची 2019 ची, कोनाड्याच्याही वर. ती आप्पांनीच ओढलीय, पाणी उतरल्यावर, गुडघाभर चिखलात उभं राहून. "ते धरणाचं पाणी, पावसाचं न्हवं," असं ते अजून म्हणतात. आज म्हणाले नाहीत.

"धान्य माळ्यावर चढवलंय म्हणे," मी म्हटलं.

"आत्ताच? आषाढ सरला नाही अजून."

उठले, बादलीत डोकावले आणि न मोजताच ती ओतून आले.