पिवळ्या रँकमधून बाहेर पडायला मला इलेक्ट्रिक सोडावी लागली

टेकन 8 हा मारामारीचा व्हिडिओ गेम आला 26 जानेवारी 2024 ला, आणि मी पहिल्या दिवसापासून काझुया हेच पात्र घेऊन. का तर इलेक्ट्रिक. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, हा त्याचा खास पंच, दिशेचं बटण पुढं, सोडा, खाली, मग खाली-पुढं आणि उजवा पंच एकाच फ्रेमला दाबायचा, म्हणजे सेकंदाच्या साठाव्या भागात. जमलं तर निळी वीज चमकते, समोरच्यानं ब्लॉक केलं तरी चाल आपलीच. नाही जमलं तर साधीच निघते अन् ब्लॉक झाली की आपण मार खातो.

प्रॅक्टिसमध्ये माझ्या दहातल्या आठ लागायच्या. मॅचमध्ये विचारू नका.

ऑनलाइन जिंकत गेलं की रँक वाढते, तिला रंग असतात. पिवळ्यातल्या शेवटच्या, डॉमिनेटरला पोचलो आणि तिथंच अडकलो, चार महिने. वर जायची मॅच आली की हारायचो, परत खाली, परत वर, सांगलीत विश्रामबागच्या खोलीत रात्री दीड दीड वाजेपर्यंत हेच. रूममेट उशी फेकून मारायचा. मग मी काय केलं, तर अजून अवघड कॉम्बो, म्हणजे एकामागून एक सलग लागणारे वार, शिकलो. भिंतीचा वेगळा, हीटचा, म्हणजे थोडा वेळ ताकद वाढते तेव्हाचा, वेगळा. रँक तिथंच.

एकदा कवठेपिरानचे मामा आलते मुक्कामाला. हिंदकेसरी मारुती मानेंचं गाव ते, तिथला माणूस काहीही बघू दे, शेवटी कुस्तीवरच येतो. मामा मागं खाटेवर बसून तीन मॅच गप बघत होते आणि मग म्हणाले, "तू त्याच्याकडं बघतच नाहीस रं, सगळं ध्यान आपल्याच हाताकडं." मी म्हटलं मामा हे वेगळं असतंय. वेगळं काही नव्हतं, पण ते कळायला अजून आठवडा गेला.

कारण त्या आठवड्यात मी रिप्ले, म्हणजे माझ्याच झालेल्या मॅचचं रेकॉर्डिंग, काढून बसलो. ह्या गेममध्ये रिप्ले चालू असताना मध्येच कंट्रोल आपल्या हातात घेता येतो, ही सोय मी तोवर वापरलीच नव्हती. हारलेल्या दहा मॅच बघितल्या, वहीत टिक मारत. कॉम्बो अर्धवट सुटल्यामुळं हारलेल्या मॅच दोन. बाकी आठमध्ये काय होतं? तीच तीच किक चार वेळा ब्लॉक केली अन् एकदाही उलटा मारला नाही, कारण डोक्यात पुढची इलेक्ट्रिक चालू.

मग ठरवलं, दोन आठवडे फक्त पाच गोष्टी. जॅब. जॅब-जॅब-उजवा पंच. खाली बसून जॅब. मधली साधी पोक, म्हणजे छोटा झटपट वार. आणि बसून उठताना लाथ. बास. इलेक्ट्रिक बंद.

जॅब म्हणजे गेममधला सगळ्यात फालतू दिसणारा पंच, पण 10 फ्रेमला निघतो, त्याहून लवकर उभ्या-उभ्या काही निघत नाही, आणि ब्लॉक झाला तरी तुम्ही एक फ्रेम पुढं असता. एक फ्रेम म्हणजे काहीच नाही असं वाटतं ना, पण समोरचा हट्टानं बटण दाबत बसला की तुमचा दुसरा जॅब त्याच्या आधी लागतो, आणि पिवळ्या रँकला सगळे हट्टानंच दाबतात, मीपण त्यातलाच.

शिकायला यात अवघड काहीच नव्हतं. अवघड होतं ते कंटाळा सहन करणं, आणि लाज. मॅच जिंकून पण चोरी केल्यासारखं वाटायचं. लहानपणी गेम पार्लरला टेकन 3 मध्ये एडी हे पात्र घेऊन नुसती लाथांची बटणं बडवणाऱ्याला आम्ही जाम शिव्या घालायचो, आता लोक मला मेसेज टाकून घालायला लागले. तेव्हा मी लाहोरच्या अर्सलान ॲश या टेकन खेळाडूच्या जुन्या मॅच लावायचो, ज्यानं 2019 ला इव्हो जपान आणि लास व्हेगासची इव्हो, असल्या गेमच्या मोठ्या स्पर्धा, दोन्ही मारल्या, आणि बघा तो किती वेळ नुसता मागं सरकतो, छोटं मारतो, समोरच्याचा वार हुकायची वाट बघतो.

पहिले चार दिवस हारलोच. पाचव्या दिवसापासून मला समोरचा माणूस दिसायला लागला, म्हणजे हा पडून उठताना दरवेळी लाथ मारतो, हा घाबरला की खाली बसतो. दुसऱ्या आठवड्यात पुढची रँक, व्हँक्विशर झालो, रंग भगवा, आणि महिनाभरात त्याच्या वरची, डिस्ट्रॉयर. इलेक्ट्रिक हळूहळू परत आणली, पण समोरच्याचा वार हवेत गेला तरच.

मग सांगलीतल्याच एका कॉलेजच्या फेस्टला स्पर्धा होती, सेमीला गेलो. समोर मिरजेचं अकरावीतलं पोरगं, पॉल हे पात्र घेऊन. जॅब, खालची लाथ, थ्रो म्हणजे पकडून आपटणं. जॅब, थ्रो. पब्लिक हसत होतं, माझं डोकं फिरलं, म्हटलं याला आता दाखवतोच, आणि शेवटच्या राउंडला सलग तीन इलेक्ट्रिक मारायला गेलो. तिन्ही साध्या निघाल्या.

बाहेर भडंग खाताना त्याला विचारलं, एवढं साधं खेळायचं कुठं शिकलास? तर म्हणतो, "दादा, मला एवढंच येतंय."