शेपटाचा हिशेब

5 ऑगस्ट 2025, मंगळवार

काल इंग्लंडविरुद्धची पाचवी आणि शेवटची कसोटी ओव्हलवर भारताने 6 धावांनी जिंकली, मालिका 2-2. आजचे सगळे मथळे वेगवान गोलंदाज सिराजचे, आणि ते त्याचेच असायला हवेत. पाचही कसोट्या, 185.3 षटकं, 23 बळी. पण पाचही धावफलक शेजारी मांडले की नजर पुन्हा पुन्हा आठव्या-नवव्या क्रमांकांकडे, म्हणजे फलंदाजीच्या शेपटाकडे जाते. हा उन्हाळा तिथेच हरला गेला आणि तिथेच वाचला.

पहिल्या कसोटीत, लीड्सला, पहिल्या डावात आपण 3 बाद 430 वरून सर्वबाद 471. दुसऱ्यात 4 बाद 333 वरून 364. म्हणजे 13 गडी, 72 धावा. एका सामन्यात पाच शतकं ठोकून हरण्याचा मान त्यामुळेच मिळाला. इंग्लंडचा वेगवान गोलंदाज जॉश टंग काही अजब टाकत नव्हता. सरळ, वेगात, यष्ट्यांवर. आपलं शेपूट मागच्या पायावर अडकलेलं आणि बॅट आडवी. त्यात त्यांचा सलामीवीर डकेटचा 97 वर झेल सुटला, तो 149 पर्यंत गेला आणि 371 चं लक्ष्य इंग्लंडने पाच गडी राखून गाठलं.

लॉर्ड्सचं दुखणं वेगळं. दुसऱ्या दिवशी सकाळी बुमराहने स्टोक्स, रूट आणि वोक्सला झटपट उडवलं, इंग्लंड 7 बाद 271. नवा चेंडू जेमतेम साडेदहा षटकं जुना. त्याचा आकार बिघडल्याची तक्रार आपणच केली, पंचांनी तो मापाच्या कड्यातून घालून पाहिला आणि बदलून दिला. हाती आलेला चेंडू नवा वाटेना, स्विंगही होईना. जेमी स्मिथ आणि कार्सने आठव्या गड्यासाठी 84 जोडल्या. चेंडू चालत असेल तर तो थोडा वाकडा असला तरी चालवून घ्यावा. बदली चेंडू पेटीतून जो येईल तो घ्यावा लागतो, परत करता येत नाही. दुसऱ्या डावात आपण 32 अवांतर दिल्या, त्यात 25 बाय, म्हणजे यष्टिरक्षकाच्याही हातून निसटलेल्या. लॉर्ड्सला चेंडू बॅटजवळून गेल्यावरही हवेत डुलतो, उताराने आणखी सरकतो. यष्टिरक्षक पंत जखमी असल्याने बदली जुरेलला ऐन सामन्यात ते शिकावं लागलं. हरलो 22 धावांनी.

त्याच पाठलागातल्या जडेजाच्या संथ नाबाद 61 वर बरीच टीका झाली, ती अर्धीच पटते. बुमराह 54 चेंडू आणि सिराज 30 चेंडू टिकले, कारण जडेजा षटकाचे बहुतेक चेंडू स्वतः घेत होता. स्टोक्सने त्याच्यासाठी पहिल्या चार चेंडूंना क्षेत्ररक्षक सीमेवर ठेवायचे आणि शेवटच्या दोनांना आत आणायचे, म्हणजे एक धाव काढून स्ट्राइक राखणं अवघड. मात्र इंग्लंडचा फिरकीपटू बशीर बोट दुखावलेल्या अवस्थेत टाकत होता, तेव्हा एखादा फटका आणखी घ्यायला हरकत नव्हती.

एजबॅस्टनवर फार लिहायला नको. कर्णधार गिल 269 आणि 161, आकाश दीपचे दहा बळी, 336 धावांनी विजय. दोन्ही विजय बुमराहविना मिळाले म्हणून तो नसलेला बरा, हे चहाच्या टपरीवरचं गणित तिथेच राहू द्यावं. तीन कसोट्यांत त्याचे 14 बळी आहेत.

मँचेस्टरला शून्यावर दोन गडी गेल्यावर राहुल आणि गिलने डाव सावरला, मग जडेजा आणि वॉशिंग्टन सुंदर दोघेही शतकं करून नाबाद राहिले आणि सामना अनिर्णित सुटला. फिरकीपटू कुलदीपला पाचही सामन्यांत बाहेर ठेवून फलंदाजी करणारे गोलंदाज का खेळवले, त्याचं हे ठोस उत्तर. दुसरं उत्तर ओव्हलवर मिळालं. दिवसअखेर मुख्य फलंदाजाला वाचवायला पाठवलेल्या नाइट वॉचमन आकाश दीपने 66 केल्या, जयस्वालबरोबर 107 ची भागी. नववा गडी 357 वर पडला, तेव्हा सुंदरने शेवटच्या गड्यासाठी 39 जोडल्या आणि त्या सगळ्या त्याच्याच बॅटमधून आल्या, प्रसिध शून्यावर नाबाद. विजयातल्या 6 धावांशेजारी हा 39 चा आकडा ठेवून पाहावा.

सोमवारी सकाळी इंग्लंडला 35 हव्या होत्या. 80 षटकांनंतरचा दुसरा नवा चेंडू चार षटकांत मिळणार होता, गिलने तो घेतलाच नाही. ढगाळ हवेत जुना चेंडू दोन्हीकडे वळत होता, आणि नवा कडक चेंडू बॅटची कड घेऊनही सीमेपार गेला असता. डाव 85.1 षटकांत संपला, ॲटकिन्सनची यष्टी सिराजच्या यॉर्करने उडवली. पाच नाणेफेकी हरलेल्या कर्णधाराचा हा निर्णय माझ्या लेखी त्याच्या 754 धावांइतकाच मोठा.

तरी कुलदीपचं कोडं सुटलेलं नाही. इंग्लंडमध्ये वापरला जाणारा ड्यूक्स चेंडू तीसेक षटकांनी मऊ पडत होता आणि मँचेस्टरला इंग्लंडने 669 केल्या. अशा वेळी मनगटाचा फिरकीपटू लागतो. त्याला घ्यायचं तर आठव्या क्रमांकाच्या धावा वेगवान गोलंदाजांपैकी कुणीतरी काढायला हव्यात. आकाश दीपच्या 66 मुळे ती शक्यता दिसली, पण ती एकाच डावाची.