घोड्याच्या पोटातलं पाणी

पत्रात विचारलं होतं एवढंच: रस्त्याकडेचा पुतळा धोकादायक आहे का, तपासून कळवा. जुन्या काँक्रीटची तपासणी हे माझं रोजचं काम, पण ते पुलांचं, टाक्यांचं, गच्च्यांचं. पुतळा तपासायची ही पहिलीच वेळ.

घोडा दीड पुरुष उंच होता. मान वळवून रस्त्याकडे बघणारा. डोळे हिरव्या बाटल्यांच्या बुडांचे, आयाळ फुटक्या कपबश्यांची, पुढचा एक पाय हवेत. घडवणारा माणूस ट्रक चालवायचा. शिल्पकलाच काय, गवंडीकामही कुणाकडे शिकला नव्हता. तो आता नाही. शेजारच्या घरातून त्याची मुलगी आली, माझ्या आईच्या वयाची, आणि मी काम करत होते तोवर हलली नाही.

मागच्या डाव्या पायाला बोट जाईल एवढी उभी चीर होती आणि तिच्यातून गंजाचे ओघळ आले होते. लोखंड गंजलं की फुगतं, मूळच्या कितीतरी पट जागा मागतं आणि वरचं सिमेंट फोडून ती घेतं. आत भंगार लोखंड, नकाशा नाही, हिशोब नाही. पाडायचा शेरा मनात जवळजवळ लिहून झाला होता.

मग हातोडीने ठोकायला घेतलं. पोपडा सुटलेला असला की आवाज बद्द येतो. इथे छाती, मान, पुढचे पाय, सगळं खणखणीत वाजलं. छातीचा छोटा टवका काढून ताज्या भागावर फिनॉल्फ्थॅलिन मारलं. काँक्रीटमधला अल्कली गुण (आम्लाच्या उलटा) शाबूत असेल तर ते गुलाबी होतं, आणि तो गुण आहे तोवर आतली सळई सहसा गंजत नाही. वरचा नखाएवढा थर सोडून सगळा टवका गर्द गुलाबी झाला. इतकं दाट, नीट कुटलेलं सिमेंट मी ठेकेदारांच्या कामातही फार वेळा पाहिलेलं नाही.

मग एकच पाय का फुटला?

"ताई, पोटाखालची भोकं बघितलीत का?" मावशींनी विचारलं.

मी खाली आडवी झाले. भोकं नव्हतीच; होते रंगाखाली चार गोल उंचवटे. घोडा आतून पोकळ. मानेच्या सांध्यातून पाणी झिरपणार हे त्या माणसाला माहीत होतं, म्हणून त्याने निचऱ्याला भोकं ठेवली होती आणि दर पावसाआधी तार घालून तो ती मोकळी करायचा. पुढे कुणीतरी घोडा रंगवून 'सुशोभित' केला, तेव्हा ती पुट्टीने बुजवली. तेव्हापासून पाणी पोटात साचत होतं आणि डाव्या मांडीत उतरत होतं.

छिन्नीने पहिलं भोक उघडलं तशी तपकिरी पाण्याची धार माझ्या बाहीवर आली. बराच वेळ वाहत होती. मग बाकीची तीनही उघडली.

अमेरिकेत लॉस एंजेलिसमध्ये सायमन रोडियाने 1921 ते 1954 अशी 33 वर्षं एकट्याने लोखंड, जाळी, सिमेंट आणि फुटक्या काचांचे मनोरे उभारले. तेही धोकादायक ठरवून पाडायचे होते. 1959 मध्ये एका मनोऱ्याला सुमारे साडेचार टनांचा आडवा ताण दिला. मनोरा टिकला आणि पाडणं टळलं. उलट विस्कॉन्सिनच्या फ्रेड स्मिथने पुतळ्यांच्या आत लाकडी सांगाडे वापरले होते. 1977 च्या वादळात त्यातले बरेच मोडले. ताणाच्या चाचणीची इथे गरज नव्हती, पण आत काय आहे ते बघितल्याशिवाय शेरा लिहायचा नाही, हे मला दोन्हीकडे दिसतं.

अहवालात लिहिलं: पुतळा पाडू नये. डावा पाय आजच टेकू लावून धरावा, फुटलेला भाग उघडून गंजलेली सळई बदलावी. मानेचा सांधा बंद करावा. तेलरंग खरवडून काढावा. कपबश्यांचे तुकडे काढायची वेळ आली तर आधी फोटो काढून प्रत्येकावर क्रमांक घालावा. भोकं बुजवू नयेत.

निघताना मावशींनी घरातून एक वाकडी तार आणली आणि उरलेल्या तिन्ही भोकांत घालून बघितली.